प्रमिलाबाईंच्या जागी टेप

प्रमिलाबाईंनी एरंडोलच्या कचेरीकडे दुसरा शिक्षक मागितला होता; आला टेपरेकॉर्डर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, खडू-फळा योजनेत शाळाशाळांना साहित्य वाटणं चालू होतं. बदलून गेलेल्या गुरुजींच्या जागी माणसापेक्षा टेप पाठवणं सोपं. त्याला खोली शोधावी लागत नाही आणि तो बदलीही मागत नाही.

इतर शाळांत हे यंत्र कपाटात कुलूपबंद झालं. वापरून बिघडलं तर चौकशी, न वापरलं तर काहीच नाही, हे हेडमास्तरांना चटकन उमगलं होतं. बाईंना ते परवडणारं नव्हतं. वर्ग चार, खोली एक, ओटा एक. त्यांनी टेपासोबत आलेल्या समूहगीतांच्या कॅसेटच्या, गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून ठेवलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि गीतं पुसून स्वतःचा आवाज भरला. ओट्यावर तिसरी-चौथीला बाई, आत पहिली-दुसरीला टेप.

बाईंनी नुसते पाढे भरले नव्हते. पोरं नेमकी कुठे ढिली पडतात, हे त्यांना पाठ होतं. सातच्या पाढ्यात टेप मध्येच म्हणे, "वना, खिडकीबाहेर काय आहे?" आणि वना खिडकीबाहेरच बघत असे. बाईंना डब्यातूनही सगळं दिसतं, असं वर्गाचं मत ठरलं, "बाईले डबामाईन बी बठ्ठं दिखस."

गावातल्या हिलालनानांची नातवंडं पहिलीत होती. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. "पगार बाई लेस आन शिकाडस मशीन," असं ते पारावर बोलले आणि वर अर्जही केला.

विस्तार अधिकारी चौकशीला आले. टेप गेला तर आतले दोन वर्ग वाऱ्यावर जातील, हे बाईंनी त्यांना दारातच सांगून टाकलं. साहेब आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसले. टेपामागोमाग पोरं पाढा म्हणू लागली. मध्येच टेपातून आवाज आला, "भिंतीला टेकलेत ते, ताठ बसा."

साहेब ताठ बसले. सुट्टी होईपर्यंत तसेच होते.

बाहेर येऊन त्यांनी निष्कर्ष सांगितला. तक्रारीत तथ्य होतं, यंत्र खरोखरच शिकवत होतं. शिवाय तालुक्यात चालू स्थितीतलं यंत्र त्यांना हे एकच आढळलं होतं. तेव्हा ते जळगावला शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनात ठेवणं भागच होतं.

"आणि वर्ग?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळेल," साहेब म्हणाले आणि टेप जीपमध्ये ठेवला. कॅसेट तेवढी नियमाबाहेरची म्हणून बाईंच्या हातात परत आली.

जळगावात टेप मखमलीवर मांडला गेला, हात लावू नये अशा पाटीसह. इकडे नानांची नातवंडं शाळेत दिवसभर चिंचोके खेळू लागली, तेव्हा नाना तणतणत आले. मशीन परत आणा म्हणाले. बाईंनी पाढ्यांचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"नाना, ते येईस्तोवर तुम्ही बसा."

अर्जावर सही त्यांचीच असल्यामुळे नानांना नाही म्हणता येईना. ते आत गेले, टोपी सारखी केली आणि सवयीने भिंतीला टेकले.

"आबा, भीतले टेकू नको," त्यांची नात म्हणाली. "ताठ बस."

नाना ताठ बसले आणि बे एके बे सुरू झालं. पगार अजूनही बाईच घेत होत्या. या वेळी अर्ज कुणी केला नाही.