शाम्याचा चोर स्विच

गाडी सहा महिने उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर कचरा जमवतो. मेकॅनिक पन्नास वर्षं एका शेडमध्ये उभा राहिला की त्याच्याकडे किस्से जमतात. दोन्ही साफ करायला बसलं की हाताला भलतंच काही लागतं.

नाचणगावच्या रस्त्यावर आमचं शेड. इंजिन माझं, वायरिंग शामरावचं. मी चौथी शिकलेला, तो सातवी. तीस वर्षं एका डब्यात जेवलो. नंतरची चार वर्षं बोललो नाही. चूक माझी होती. ती कशी, ते पुढे येईलच.

*

लॉकडाऊन उठला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या बंद गाड्या आमच्याच दारात आल्या. पहिले आले आष्टीचे एक रिटायर गुरुजी. बॅटरी ठार मेलेली.

"असं काऊन झालं? मी तर रोज सकाळी किल्ली मारत होतो. एक दिवस चुकवला नाई!"

"अन् मग?" मी विचारलं.

"मग काय? सुरू झाली की लगेच बंद!"

शामराव टेस्टर खिशात ठेवत म्हणाला, "गुरुजी, रोज हजेरी घेतली, पण शिकवलं काईच नाई!"

गुरुजी हसले. मी हसलो नाही. कामाच्या वेळी मी हसत नसे. आता वाटतं, हसायला पाहिजे होतं.

*

पुलगावच्या एका घरी एअर फिल्टर उघडला. आत लग्नपत्रिकांचे तुकडे, कापूस आणि उंदराची पाच पिल्लं! मी पान्ह्यानं घरटं काढणार, तेवढ्यात घरची म्हातारी काठी घेऊन आडवी आली.

"पिल्लाचे डोये उघडेपर्यंत गाडीले हात लावाचा नाई!"

मालक हात जोडून उभा. त्याच्या बायकोला माहेरी जायचं होतं. ती एसटीनं गेली. आम्ही बारा दिवस थांबलो.

तेराव्या दिवशी गेलो तर धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं लिहिलेलं होतं, 'इंजिनात बाळंतीण आहे. हॉर्न वाजवू नये.' अक्षर शाम्याचं!

*

माझा एक नियम आहे. बंद पडलेली गाडी सुरू झाली की अर्धा तास बंद करायची नाही. बॅटरीला थोडा दम येऊ द्यायचा. हा नियम मी कोणासाठी मोडत नसे.

समुद्रपूरच्या एका साहेबांची गाडी दोन तास खपून सुरू केली. मॅडम आरती घेऊन बाहेर आल्या. साहेबांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद!

"काऊन बंद केली?" मी ओरडलो.

"आरती ऐकू आली पाहिजे ना!"

आरती झाली. नारळ फुटला. गाडी सुरू झाली नाही. साहेबांनी अर्धा नारळ एका हातात धरून दुसऱ्या हातानं गाडी ढकलली. मी मदत केली नाही. शामरावनं केली.

*

शामरावची खासियत चोर स्विच. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून एक लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय इंजिनला करंट जात नाही. प्रत्येक गाडीत त्याची जागा वेगळी. ती मालकाला माहीत आणि त्याला. मलाही सांगत नसे.

देवळीच्या एका व्यापाऱ्याची गाडी अशीच उभी. बॅटरी नवी, पेट्रोल नवं, तरी गाडी मुकी. शामरावनं डिकीत हात घातला. स्विच बंद होता.

"भाऊ, हे तुम्ही बंद केलं?"

"मी? लॉकडाऊनमधी मी याले हातच लावला नाई!"

दारातून वहिनी म्हणाल्या, "म्या बंद केला. हे रोज फिराले निघत. घरी राह्यले म्हणून आज तुमच्यासमोर उभे हायेत!"

*

त्याच दिवसांत दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंची गाडी मी सुरू करून दिली. तिच्यातही शामरावचा चोर स्विच होता. वर्ध्याला मुलीला परीक्षेला नेताना ती रस्त्यात बंद पडली. पेपर हुकला. गाडी ओढत शेडवर आली. मुलगी रडत होती. दहा माणसं जमली.

आमच्या बोर्डवर मी लिहून घेतलं होतं, 'इथून गेलेली गाडी रस्त्यात थांबत नाही.'

मी बॉनेट न उघडताच बोललो, "शाम्याचा चोर स्विच. दुसरं काय!"

शामरावनं एकदा माझ्याकडे पाहिलं. टेस्टर पिशवीत टाकला आणि गेला.

मग मी बॉनेट उघडलं. कॉइलची वायर सुटली होती. ती मीच लावली होती, नीट दाबली नव्हती. दाबली. गाडी सुरू झाली. कोणाला काही सांगितलं नाही. शामरावचं घर शेडपासून चालत पाच मिनिटांवर. चार वर्षं गेलो नाही.

*

या उन्हाळ्यात त्याची मुलगी सुजाता शेडवर आली.

"जयभीम काका. बाबाले लकवा मारला तवापासून त्यायची गाडी बंद हाये. दिवसभर तिच्याकडंच पाहून राह्यतात. सुरू करून द्या ना."

गेलो. शाम्या कडुनिंबाखाली खुर्चीवर. वाचा गेलेली. उजव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. मी मान हलवली. त्यानं बोट हलवलं नाही.

बॅटरी बदलली. जुनं पेट्रोल काढलं. प्लग साफ केले. करंट नाही. म्हणजे चोर स्विच! डिकी पाहिली, बॉनेट पाहिलं. शेवटी डाव्या सीटवर बसून डॅशबोर्ड चाचपला. काही नाही.

"काका, बाबालेच विचारा ना," सुजाता म्हणाली.

मी सीटवरूनच विचारलं, "शाम्या, स्विच कुठं हाये?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी उठलो. मी बसलो होतो त्याच सीटखाली हात घातला. बटण लागलं. ही सीट माझीच. बोलणं बंद होईपर्यंत त्याच्या शेजारी मी इथंच बसत होतो.

किल्ली मारली. पहिल्याच सेल्फला सुरू! सुजातानं टाळ्या वाजवल्या.

शाम्याचं बोट खाली गेलं. पुन्हा खाली.

"काका, बंद करा म्हणून राह्यले."

"अर्धा तास बंद करत नसतात."

बोट खालीच. तो माझ्याकडे पाहत होता.

मी किल्ली फिरवली. अंगणात आवाज राहिला नाही. खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिलो.

"शाम्या, तुया स्विच बरोबर होता. त्या बाईच्या गाडीची वायर माह्याच हातानं सुटी राह्यली होती. मले त्याच दिवशी समजलं होतं."

मग त्यानं एक बोट वर केलं.

मला कळेना. मी सुजाताकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"काका, एकडाव अजून म्हणा म्हणतात!"