तळीचा पाचवा हात

"विचारलं तर सांगेन," असं म्हणून तो बांधावर बसायचा आणि पाण्याची बाटली उघडायचा.

समोर दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या आईचा उद्धार करत असायचे, आई एकच आहे हे विसरून. मधे जमिनीचा वीतभर तुकडा. हद्द कुठून जाते हे त्या तिघांत फक्त ह्यालाच ठाऊक असे, आणि तिघांत फक्त ह्यालाच कोणी विचारत नसे. दोघे दमून गप्प झाले आणि एकाने शेवटी "मग साहेब?" असं म्हटलं, की हा उठायचा, पँटची माती झटकायचा आणि बोट दाखवायचा. "इथून." बस. कोणाचं चुकलं, कोणी किती ढकललं, ते नाही. तेवढं विचारलेलं नसे.

आमच्या मोजणीच्या कचेरीत तो मोजणीदार होता. नाशिक जिल्ह्याचं अर्धं रान त्याने पायांनी पाहिलं होतं. सुरुवातीला साखळी ओढून, मग फीत धरून, आणि शेवटी शेवटी ते काठीवरचं यंत्र घेऊन, जे थेट उपग्रहाशी बोलतं. "आता बांध वरून विचारतात," तो म्हणायचा, "खालच्यांचा खालच्यांवर विश्वास नाही." मी त्याच कचेरीत जुन्या नकाशांच्या कपाटांचा राखणदार. वीस वर्षं एका छपराखाली काढली, पण आम्ही शेवटपर्यंत अहो-जाहोतच राहिलो. काही मैत्र्यांना अरे-तुरे मानवत नाही.

आमची खरी ओळख झाली ती चपलांपाशी. श्रावणात कचेरीत सत्यनारायण असे. वर्षभर ज्या फायलींना हात लागला नाही त्यांच्यावर चादर टाकून पूजा मांडली जाई, आणि मोठे साहेब सोवळं नेसून, वर पँटचा पट्टा आवळून बसत. मी देव मानत नाही. त्यात बाणेदारपणा फारसा नाही, आळसच जास्त. म्हणून मी बाहेर व्हरांड्यात चपला सांभाळायला थांबायचो. एका वर्षी पाहतो तर शेजारी हा.

"तुम्ही पूजेला नाही?" मी विचारलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विचारलंत म्हणून सांगतो. मी गेल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली."

आतून आरतीचा गजर आला. मी म्हणालो, "मग शिरा?"

"शिऱ्याबद्दल मी काही शपथ घेतलेली नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघांनी दोन-दोन द्रोण खाल्ले.

त्याची हकिगत अशी. तो सिन्नर तालुक्यातल्या एका गावचा, शेतकरी घरातला. कुलदैवत खंडोबा. नाशिकरोडकडे एका बौद्ध वस्तीत त्याने खोली घेतली होती. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, सगळी वस्ती त्यांना बाई म्हणे. लग्नाला बारा वर्षं झाली आणि त्याची बायको आजारी पडली. गावाकडून नवस झाले, जागरण झालं, देवाला बरंच काही कबूल झालं. ती गेली. त्यानंतर हा संध्याकाळी वस्तीतल्या विहारात जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसू लागला.

"तिथं का?" मी विचारलं.

"शांत होतं. आणि तिथं कोणी कोणाला काही कबूल करत नव्हतं."

तीन वर्षं तो नुसता बसला. मग वस्तीतल्या पोरांना गणित शिकवू लागला. मग एके दिवशी बाईंना म्हणाला, मला दीक्षा घ्यायची आहे. बाईंनी त्याला सहा महिने थांबायला लावलं. म्हणाल्या, दुःखात माणूस घर बदलतो आणि नंतर त्याला जुन्या घराची चावी सापडते. सहा महिन्यांनी त्याने तेच सांगितलं. देव पुजणार नाही आणि खोटं बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने केली. मी म्हणालो, "दुसरी अवघड." तो म्हणाला, "दोन्ही एकदम पाळणं अवघड."

कारण घरी माहीत नव्हतं. वडील ऐंशीच्या घरात. "सून गेली, आता पोरगाही गेला, असं वाटेल त्यांना," तो म्हणायचा. लपवायचं तर होतं, पण खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून त्याने जन्मभर बांधावर वापरलेलं तेच वाक्य घरीही लावलं. विचारलं तर सांगेन. आणि कोणी विचारू नये अशी व्यवस्था करत राहिला. एखाद्या मोजणीला नसेल इतकं डोकं त्याने त्या व्यवस्थेत घातलं.

अडचण होती ती चंपाषष्ठीची. खंडोबाच्या घरांत त्या दिवशी तळी उचलतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल. ताम्हनात पानसुपारी, खोबरं, भंडारा. पुरुष भोवती बसतात, सगळ्यांचे हात ताम्हनाला, आणि येळकोटाच्या गजरात ते तीनदा वर उचलायचं. माणसं विषम हवीत. पाच किंवा सात. चार चालत नाहीत, सहा चालत नाहीत. ह्यांच्या घरात मोजून पाच पुरुष. वडील, दोन चुलते, मनमाडला रेल्वेत असलेला चुलतभाऊ, आणि हा.

दीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षी त्याने चंपाषष्ठीच्या आठवड्यात, जिल्ह्याच्या पार टोकाला डोंगरात असलेल्या सुरगाण्याची मोजणी मागून घेतली. सुरगाण्याची मोजणी मागून घेणारा तो कचेरीतला पहिला आणि शेवटचा माणूस. दुसऱ्या वर्षी कसल्याशा प्रशिक्षणाला गेला. दोन्ही वर्षी वडिलांनी पाचवा हात म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला बोलावलं. ह्या शेजाऱ्याशी त्यांचं बांधावरून वीस वर्षं वाकडं होतं. तिसऱ्या वर्षी वडिलांचा फोन आला. "घरचे पाच असताना परक्याचा हात मागावा लागतोय. बरं दिसत नाय. औंदा ये."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या कपाटांपाशी आला. "तुमचा एक हात पाहिजे."

त्याचा हिशोब साधा होता. मी पाहुणा म्हणून जायचं. पाहुण्याला तळीचा मान देतात. मी धरून पुरुष सहा होतात. सहा चालत नाहीत. म्हणजे एकाने उठायचं. आणि पाहुणा ज्याने आणला त्यानेच उठावं, हे कोणालाही न सांगता कळतं.

"आणि मी देव मानत नाही त्याचं काय?"

"तुम्ही न मानण्याची शपथ घेतलीय का?"

घेतली नव्हती. आळस.

तर मी गेलो. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, थंडीत, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या मागे टाकत. अंगणात घोंगडी अंथरलेली. वडील काटक, पांढऱ्या मिशांचे. मला बघून म्हणाले, "पाव्हणं, बसा तळीला." मग बोटावर मोजलं आणि थांबले. हा उठला आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभा राहिला. तळीला डोकं झाकलेलं लागतं आणि माझ्याकडे टोपी नव्हती. त्याने गळ्यातला तपकिरी मफलर काढला आणि माझ्या डोक्याला बांधला. मी तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेला माणूस. गजर सुरू झाला तसा आवाज आपोआप पोटातून निघाला. वडील खूश झाले. "पाव्हण्याचा आवाज लय खणखणीत हाय. देवाला बरं वाटलं असंल."

खांबापाशी हा चष्मा पुसत होता. तो हसू दाबताना चष्मा पुसायचा, हे मला तेव्हा कळलं.

नंतर वडिलांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. ह्याच्याही. तो वाकला. परतताना मी छेडलं, "ते चाललं वाटतं?"

"वडिलांचा हात कपाळाला लागला," तो म्हणाला. "भंडारा मधे आला, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या कपाळाच्या कडेला पिवळं दिसलं आणि मी सुधारलो अशी बातमी पसरली. मोठ्या साहेबांनी पुढच्या सत्यनारायणाला मला आत बसायचं आमंत्रण दिलं. त्याच्या धर्मासाठी माझं नास्तिकपण बाटलं, हे कोणाला सांगता येईना.

पाच वर्षं मी गेलो. वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, ह्यासाठीही गेलो हे कबूल करतो.

चौथ्या वर्षी मात्र हिशोब बिघडला. मनमाडच्या चुलतभावाला रजा मिळाली नाही. वडील, दोन चुलते, मी. चार. आम्ही बसलो, आणि ताम्हनाला एक जागा मोकळी राहिली. सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. तो तिथंच उभा, पांढराफटक. मला वाटलं, आता विचारणार, आणि आता हा सांगणार. धाकटे चुलते म्हणाले, "अरे बस ना, काय पाव्हण्यासारखा उभा!"

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात वडील ओरडले, पण त्याच्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून. बांधाचा शेजारी सायकल घेऊन चालला होता. "ए, इकडं ये! तळीला हात लाव!"

शेजारी गोंधळला. "मी? अहो, आपली तर कोर्टात..."

"बांध वाकडा असंल तुझा. हात सरळ हाय ना? बस."

तो बसला. तळी उचलली. ह्याने उघडलेलं तोंड मिटलं. परत येताना सिन्नर मागे पडल्यावर त्याने मोटारसायकल हळू केली. मग म्हणाला, "आज सांगणार होतो." मी म्हणालो, "विचारलं कुठं?"

"तेच," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांनी विचारू नये म्हणून मीच धडपडतोय."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, भर दुपारी, मोजणी चालू असताना तो बांधावर बसला. बाटली उघडली. दोन्हीकडचे लोक नेहमीसारखे भांडत होते. शेवटी कोणीतरी "मग साहेब?" म्हणालं, तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही.

गावाकडे नेलं. घरच्या रीतीने सगळं झालं. वस्तीतली वीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती, मागे गुपचूप उभी होती. बाई माझ्याजवळ आल्या. "आम्ही वंदना म्हणू का? त्याचा हक्क आहे."

मी वडिलांकडे पाहिलं. ते मातीत बसले होते. "राहू द्या," मी म्हणालो.

बाईंनी हात जोडले आणि ओठ हलवत, आवाज न करता, सगळी म्हटली. मागच्या वीस जणांनीही. पुढे गुरुजींचा लाऊडस्पीकर चालू होता. मला कोणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी प्रथम मला त्याच्या वाक्यातलं ओझं कळलं.

पंधरा दिवसांनी वडील खोली रिकामी करायला आले. मीच घेऊन गेलो. बाईंनी कुलूप काढलं आणि त्या मुद्दाम खाली थांबल्या. एक कॉट, नकाशांच्या गुंडाळ्या, मुलांच्या गणिताच्या वह्या. कोपऱ्यात टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची लहानशी मूर्ती, वितळलेली मेणबत्ती. शेजारी बायकोचा फोटो. देव्हारा नाही.

वडील टेबलापर्यंत गेले. मग कॉटवर बसले.

"साहेब," पहिल्यांदाच ते मला पाव्हणं म्हणाले नाहीत. "हे काय हाय? तुम्हाला ठावं व्हतं?"

मी कसलीही शपथ घेतलेली नाही. खोटं मला बऱ्यापैकी जमतं. आधीच्या भाडेकरूचं असेल, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण प्रश्न सरळ होता, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो सात वर्षं तयार होता.

मी सांगितलं. दीक्षा, प्रतिज्ञा, सुरगाणा, सहाचा हिशोब. सगळं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "सुनबाईसाठी देवावर रुसलाय. एवढं देवाला बोललो, तरी ती गेली. म्हणून हात लावत नाय. रुसलेल्याला काय विचारायचं? आपोआप निघंल राग." मग त्यांनी वर पाहिलं. "आन् तुम्ही? तुम्ही मानता ना देव?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं रडतील. ते हसत होते, निदान सुरुवात तशी झाली. "म्हंजे पाच वर्षं... एवढा मोठा आवाज काढून..." मग हसणं थांबलं. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, सुनेच्या फोटोकडे पाहिलं.

"तुमचा हात चालला देवाला," ते हळू म्हणाले. "मग माझ्या पोराचा का नसता चालला?"

ह्याला उत्तर होतं. देवाला चालला असता, पण त्याला चालला नसता. पण हा प्रश्न मला विचारलेला नव्हता.

मूर्ती त्यांनी नेली नाही. पांढऱ्या कापडासकट उचलून दोन्ही हातांनी बाईंच्या हातात दिली. मफलर तेवढा खुंटीवरून काढून पिशवीत घातला.

गेल्या चंपाषष्ठीला घरात दुखवटा होता, तळी झाली नाही. यंदा मला बोलावणं आलं नव्हतं. मी आपला गेलो. एसटीने, मग जीपने. अंगणात घोंगडी अंथरलेली. वडील, दोन चुलते, मनमाडचा चुलतभाऊ. चौघे बसलेले, ताम्हन मधे, आणि कोणीही कोणाला बोलवायला रस्त्यावर गेलेलं नव्हतं.

मी बसलो. पाच झाले. या वेळी कोणी उठायचं नव्हतं.

वडील उठले, घरात गेले आणि तो तपकिरी मफलर घेऊन आले. माझ्या डोक्याला त्यांनी स्वतः बांधला, लहान मुलाला बांधतात तसा, कानांवरून हनुवटीखाली गाठ मारून.

"घट्ट झाला का?"

झाला होता. नाही म्हणालो.

मग पाचही हात लागले आणि ताम्हन वर गेलं. कान इतके गच्च बांधले होते की येळकोट, माझा स्वतःचासुद्धा, मला लांबून आल्यासारखा ऐकू आला. ओट्याच्या खांबापाशी उभं राहून त्याला ऐकू येत असेल, तसा.