लेस्टर व्हिकरीने केलेला अंधार

लेस्टर व्हिकरी हा ऑस्ट्रेलियातल्या वूरिंगा गावचा निवृत्त दंतवैद्य. लोकांची तोंडं उघडी ठेवून एकट्यानेच बोलत राहायची त्याला जन्माची सवय. त्यामुळे समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला आपलं पटलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. दवाखाना बंद केल्यावर तो गावच्या हौशी नाटक मंडळीत शिरला. अभिनय येत नव्हता, गळा नव्हता, आणि सामान उचलायचं म्हटलं की पाठ धरायची. मंडळीने रंगमंचावरचे दिवे चालवायला बटणांचं नवं डेस्क घेतलं तेव्हा मात्र तो उठून म्हणाला की यंत्राला शिकलेला माणूस लागतो. सगळे गप्प बसले. झालं, डेस्क त्याच्या ताब्यात आलं.

दिग्दर्शिका नोलीन टॅप ही आठवडाभर मेंढ्यांचे लिलाव पुकारणारी बाई. तिने रोखठोक सांगितलं, शनिवारी दुपारचा पहिला प्रयोग नीट झाला तर डेस्क कायमचं तुझं, नाहीतर मी दुसरं माणूस बघते. लेस्टरचा जीव डेस्कपुढच्या खुर्चीत अडकला. ती गेली तर मंडळीत त्याला चहाच्या कपांपलीकडे कुणी काही धरायला देणार नव्हतं, आणि एवढं त्यालाही कळत होतं.

मग घरी अभ्यास सुरू झाला. बायको एव्हिस जेवणानंतर माहितीपुस्तक मोठ्याने वाचायची, आणि हा डोळे मिटून तिचे उच्चार सुधारायचा. काम काही आभाळाला हात लावण्याचं नव्हतं. हवे ते दिवे हवे तेवढे चढवायचे, ते सगळं एक दृश्य म्हणून साठवायचं, मग पुढचं. प्रयोगात नुसतं बटण दाबत जायचं. एक गोष्ट तेवढी ठळक छापलेली होती. हाताने चढवलेला दिवा ‘क्लिअर’ दाबून सोडून द्यावा, नाहीतर डेस्कला वाटतं की तुम्ही तो अजून धरून बसला आहात, आणि मग कुठल्याही दृश्याने तो विझत नाही. लेस्टर म्हणाला, हे गाढवांसाठी लिहिलंय, पुढे वाच. एव्हिसने पान उलटलं.

शनिवारी वृद्धाश्रमाची बस आली, हॉल भरला, मागच्या टेबलावर लॅमिंग्टन केकच्या ताटल्या झाकून ठेवल्या गेल्या. महापौरबाई सहज डेस्कपाशी डोकावल्या. शेखी मिरवायची एवढी संधी लेस्टर सोडतो होय! त्याने एका बोटाने सोफ्यावरचा दिवा चढवून दाखवला. बाई “छान” म्हणून आपल्या जागी गेल्या. दिवा तसाच धरलेला राहिला. पुस्तकात ते ठळक वाक्य ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, त्यांच्यापैकी एक खुर्चीत बसलाच होता.

नाटक खुनाचं होतं. त्यात एव्हिसचंही छोटं काम होतं. आत यायचं, विषारी चहा प्यायचा, सोफ्यावर मरून पडायचं, आणि अंधार झाला की उठून आत जायचं. एव्हिस मरेपर्यंत त्या दिव्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. मग लेस्टरने अंधाराचं बटण दाबलं. सगळे दिवे विझले आणि सोफ्यावरचा तेवढा राहिला. त्याने बटण पुन्हा दाबलं. त्याबरोबर पुढचं दृश्य लागलं, आणि लग्नाची मंडळी हसतखिदळत आत आली. प्रेत तिथेच. नवरीमुलगी वळसा घालून गेली. कुणीतरी एव्हिसच्या अंगावर टेबलक्लॉथ टाकला, तर नवरदेवाने सवयीने त्यावर टोपी ठेवली. म्हाताऱ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. लेस्टर घामाघूम होऊन दिसेल ते बटण दाबत होता, एक सोडून.

मध्यंतर झालं, तेव्हा टोपी बाजूला करून एव्हिस शांतपणे उठली. नोलीन डेस्कपाशी आली आणि त्यावरची अक्षरं नीट वाचून तिने ‘क्लिअर’ दाबलं. दिवा विझला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं लेस्टरने डेस्कमध्येच दोष असल्याचं सांगायला सुरुवात केली. नोलीनने मेंढ्यांपुढे लावते तो आवाज लावला.

“ऊठ, लेस्टर. कप विसळायला माणूस हवाय.”

घरी जाताना गाडीत तो नदी येईपर्यंत बोलत होता. डेस्क भिकार, नोलीन अडाणी, लोक खेडवळ. शेवटी बोलण्याची गाडी एव्हिसवर आली. उजेड तर उजेड, उठून जायला काय झालं होतं? तिने इज्जत घालवली त्याची.

एव्हिस खिडकीबाहेर बघत होती. “‘क्लिअर’ दाबायचं राहिलं होतं. ते पान मीच वाचलं होतं तुला.”

“म्हणजे तुला तिथे पडल्यापडल्या कळलं होतं?”

“दिवा विझला नाही तेव्हाच.”

“मग हळूच सांगायचं होतंस की. खूण करायचीस, काहीतरी करायचंस.”

“मी मेले होते, लेस्टर,” एव्हिस म्हणाली. “आणि काय सांगू, फार बरं वाटत होतं.”