चुआंग मावशीच्या कुंडीतली पात

तैपेईतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कचऱ्याची गाडी आपली सुरावट वाजवत येते, पण आम्हाला ती ऐकायची गरजच पडत नाही. त्याआधी चुआंग मावशीचा आवाज येतो. "अरे ए, टीव्ही बंद करा! कोपऱ्यावर आली!" मग जो तो हातातलं काम टाकून पिशवी घेऊन पळतो. कचरा जमिनीवर टेकवायचा नाही, आपल्या हातानं गाडीत टाकायचा, तोही महापालिकेच्या निळ्या पिशवीतूनच, आणि खरकटं वेगळं, बाटल्या वेगळ्या, हा नियम शहराचा. अंमलबजावणी मावशीची. कुणाची पिशवी खुळखुळली की ती पिशवीला कान लावून उभी राहते. मी तिच्या शेजारी किल्ल्या बनवतो. गिऱ्हाइकं कधीमधी येतात, मावशीची बोलणी रोज खातो.

मावशी साठीच्या पुढची, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी. नवरा गेल्यावर तिनं वरच्या दोन खोल्या पाठपिशवी घेऊन हिंडणाऱ्या परदेशी लोकांना द्यायला सुरुवात केली. ही माणसं कुठून तरी कुठे तरी जाताना वाटेत आमच्याकडे दिवस-दोन दिवस टेकतात, उंच इमारतीचे फोटो काढतात, नूडल्स खातात आणि जातात. मावशी स्वतः जन्मात विमानात बसलेली नाही. पण पाहुणा कुठलाही असो, सकाळी गच्चीतल्या टेबलावर त्याच्यापुढे तिचं खास अंडं येणारच. बदकाचं, चुना आणि राखेत मुरवून आतून काळंभोर झालेलं. नवऱ्याला ते फार आवडायचं, आणि आता ते खाणारं घरात कुणी नाही. अंड्याची बशी ठेवून ती चहा आणायला आत जाते, परत येते तेव्हा बशी रिकामी.

"आजवर एकानंही टाकलं नाही," ती आम्हाला ऐकवते. "तुमच्यासारखी नाटकं नसतात त्यांची."

त्या टेबलाला लागूनच तिची कांद्याच्या पातीची कुंडी आहे. तशी पात गल्लीत कुणाचीच येत नाही. हिरवीगार, बोटाएवढी जाड. खत काय घालतेस विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, हाताला गुण लागतो."

गेल्या वसंतात ओलाया आली. स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगरातली, पन्नाशीची, चांगली धिप्पाड बाई. सिडनीला लेकीच्या लग्नाला निघाली होती आणि वाटेत दीड दिवस आमच्याकडे थांबली होती. लग्न परवावर आलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मावशी मोबाईलमध्ये बोलायची आणि मोबाईल स्पॅनिशमध्ये ओरडायचा. ओरडायचाच, कारण आवाज कमी कसा करायचा हे मावशीनं कधी शोधलंच नाही. ओलायानं तिला आपल्या गावचं चीज भेट दिलं. मावशीनं कागद जरासा उघडून हुंगलं आणि मोबाईलला सांगितलं, "फारच सुंदर. जेवणानंतर खाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओलाया पावसात नखशिखांत भिजून आली. कोपऱ्यावरच्या दुकानात तिनं सामानाला पिशवी मागितली होती, त्यांनी निळी दिली. आमच्याकडे दुकानात मिळणारी ती पिशवी नंतर कचऱ्याला चालते, त्यामुळे घरात गाठ मारून ठेवलेल्या निळ्या पिशवीत कचऱ्याशिवाय काही असेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. ओलायाच्या डोक्यात मात्र कचराच नव्हता. पाठपिशवी तिनं वाळत टाकली, कोरडे कपडे आणि पासपोर्ट निळ्या पिशवीत भरले, पाणी शिरू नये म्हणून पक्की गाठ मारली, पिशवी दाराशी ठेवली आणि अंघोळीला गेली. विमान त्याच रात्रीचं होतं.

गाडीची सुरावट वाजली. मावशी दोन हातांत दोन निळ्या पिशव्या घेऊन खाली आली. चेहऱ्यावर वरमाईचा तोरा.

"बघा!" तिनं एक पिशवी उंच धरून सगळ्या गल्लीला दाखवली. "कालची आलेली परदेशी बाई! पिशवी बरोबर, गाठ घट्ट, दाराशी नीट ठेवलेली. नाहीतर तुम्ही! आ-तुंग, शीक जरा!"

आ-तुंग म्हणजे मी. मी माझी पिशवी टाकली. मावशीनं दोन्ही पिशव्या गाडीत सोडल्या, गाडी वळून गेली, आणि तेवढ्यात ओलाया मावशीचाच फुलाफुलांचा गाऊन घालून धावत खाली आली. तो तिला गुडघ्यापर्यंतच येत होता. ती दाराकडे बोट दाखवायची, मग दोन्ही हात पसरून विमान करायची, मग कपाळ बडवून घ्यायची. मोबाईलची गरजच पडली नाही. मावशी मटकन पायरीवर बसली.

"मी पोरीचं लग्न बुडवलं गं बाई," ती म्हणाली. दुसऱ्या क्षणी उठून माझ्यावर ओरडली, "बघतोस काय? स्कूटर काढ!"

मावशी माझ्या मागे बसली आणि ओलाया गाऊन सावरत पळत आली. देवळापाशी गाडी थांबलेली सापडली. तिथले लोक पिशव्या टाकत होते आणि हातमोजे घातलेला जाडसर कामगार कचरा दाबायच्या दांड्याला हात घालत होता.

"हात लावशील तर खबरदार!" मावशी स्कूटर थांबायच्या आत उतरली.

"मावशी, गाडीत गेलेला कचरा सरकारचा."

"मग सरकारनंच जावं सिडनीला लग्नाला! पासपोर्ट आहे त्यात!"

तो बिचारा वाकून पिशव्या बाहेर काढायला लागला. सगळ्या निळ्या, सगळ्या सारख्या. पण ठेवायच्या कुठे? जमिनीवर टेकवायचं नाही हे तर मावशीनंच आम्हाला शिकवलेलं. मग देवळापुढे आलेल्या माणसांच्या हातात एकेक पिशवी देण्यात आली. लोक आपला कचरा टाकायला आले होते, ते परक्याचा कचरा छातीशी धरून रांगेत उभे राहिले. मागे मोटारी भोंगे वाजवत होत्या, गाडी आपली सुरावट वाजवत होती, आणि मावशी, मी आणि ओलाया एकेक गाठ सोडत होतो. अशा वेळीसुद्धा मावशीचं तोंड बंद नव्हतं. "ही शिंप्याची! बाटली बघा, बाटली! ही दुसऱ्या मजल्यावरची, भात टाकलाय, लाज नाही वाटत?"

शेवटी माझ्या हाताला कपडे लागले आणि त्यांच्यात पासपोर्ट. मी तो उंच धरला आणि रांगेत जल्लोष झाला. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते, म्हणून लोकांनी छातीशी धरलेल्या पिशव्याच थोपटल्या. ओलाया मात्र हलली नाही. ती दुसऱ्या एका पिशवीत बघत होती. तिनं आतून कागदात गुंडाळलेलं चीज बाहेर काढलं. ती पिशवी मावशीची होती.

मावशीची चोरी उघडी पडली. वर खरकटं वेगळं टाकायच्या नियमाचाही बोजवारा उडालेला, तोही कामगारासमोर. तिनं मोबाईल काढला आणि हळूच काहीतरी पुटपुटली. मोबाईल हळू बोलत नाही. त्यानं सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि मग ओलायाचं उत्तर आमच्या भाषेत तसंच ठणठणीत आलं.

मावशी म्हणाली होती, "त्याच्यावर बुरशी होती. मला वाटलं नासलंय. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

ओलाया म्हणाली, "बुरशी असायलाच हवी. आणि तुमचं अंडं काळं होतं. मीही बोलले नाही. ते कांद्याच्या कुंडीत पुरलंय."

कामगार खो खो हसला. मग रांग हसली, मग ओलाया. मावशी हसली नाही. तिनं चीजचा एक तुकडा मोडून सगळ्यांसमोर तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चावला आणि गिळला. ओलायानं तिला उचलून मिठी मारली. मग टॅक्सी आली, आणि कपडे बदलायला न थांबता, घरून फक्त पाठपिशवी उचलून ती तोच गाऊन घालून विमानतळाकडे निघाली.

घरी येऊन मावशी तडक गच्चीत गेली. मी मागोमाग गेलो, कारण तिचा चेहरा मला बरा वाटत नव्हता. तिनं उलथन्यानं कुंडी उकरली. वरच ओलायाचं अंडं होतं, अख्खं, एका बाजूनं सोललेलं. त्याच्याखाली आणखी एक. त्याच्याखाली टरफलं, काळं काहीतरी, कागदी रुमालाचा तुकडा, पुन्हा टरफलं. कुंडीच्या तळापर्यंत अंडीच होती. जर्मन, जपानी, ब्राझीलचे, एक नवविवाहित कोरियन जोडपं, सगळ्यांनी एकाच जागी मूठमाती दिली होती.

"आ-तुंग, एकालाही आवडलं नाही रे," ती म्हणाली. मला तिची दया आली. उकरताना उपटून आलेली पात मी गोळा करून तिच्या हातात दिली. तिनं माती परत भरली, पात लावली आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या सकाळी नॉर्वेचा एक पोरगा उतरला. मी गच्चीत बिजागरी बसवत होतो. मावशीनं त्याच्यापुढे अंड्याची बशी ठेवली, जरा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाकून ती कुंडी त्याच्या खुर्चीजवळ सरकवली.

"मी चहा आणते," ती मोबाईलला म्हणाली, "सावकाश आणते."