थर्मासमधलं सतोपंथ

"ताई, माधवी गेली," एवढंच रमेश फोनवर बोलला. मी तेव्हा ओमानमध्येच, पण मस्कतपासून लांब, इब्रीला मुलाकडे होते. रमेश माझा धाकटा भाऊ, माधवी त्याची बायको. मस्कतमधल्या वादी कबीरच्या फ्लॅटमधून सकाळी शाळेत पी.टी. शिकवायला गेली ती मैदानातच कोसळली आणि दुसऱ्या दिवशी आयसीयूत संपली. जी बाई सात हजार मीटरच्या वरचं सतोपंथ शिखर चढून आली, तिला डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी दगा देते, याचा मला अजून संताप येतो. पण रडका लेख तिला चालला नसता, म्हणून ती जिंकली कशी तेच लिहिते.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात साड्यांपेक्षा दोर जास्त. "हिला काय विहिरीचं पाणी शेंदायचंय?" असं मी विचारलं होतं, आणि माझा टोमणा ऐकून सगळ्यांत आधी तीच हसली होती. कॉलेजात असताना तिने उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केला होता, तेव्हापासून सतोपंथ डोक्यात बसलेलं. पोळ्या लाटता लाटता सांगायची: देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी स्विस लोकांनी ते पहिल्यांदा सर केलं, एव्हरेस्टला जाणारे आधी तिथे तयारी करतात, गोमुखाच्या पुढे गंगोत्री हिमनदी, मग चतुरंगी हिमनदीवरचे डुगडुगते दगड, मग वासुकी ताल... मला त्या हिमनद्या शेजारणींसारख्या ओळखीच्या झाल्या. पण नोकरी, लेकीचं शिक्षण, दर व्हेकेशनला खजुराच्या बॅगा भरून गावी जाणं, यात वीसेक वर्षं निघून गेली.

लेक शिकायला पुण्याला गेली आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, "वन्सं, या व्हेकेशनला मी गावी येत नाही. सतोपंथला चाललेय." रमेश माझ्याकडे आशेने बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? तिला डोंगरावरून उतरवणं तुझ्या बापाला जमलं नसतं." मग दर शुक्रवारी फटफटताना ती पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन वादी कबीरच्या मागचे काळे डोंगर चढायची. रमेश खाली गाडीत, एसी लावून. ऊन चढायच्या आत खाली यायचं, हा तिचा कायदा. तापलेला मस्कतचा दगड कुणाची गय करत नाही.

त्याच कायद्याने पहिल्या खेपेला घात केला. शिखर अगदी समोर, आणि ऊन पडून बर्फ मऊ झालेलं. लीडर म्हणाला परत, ही परत फिरली. मस्कतला आल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "अरेरे, दाराशी जाऊन परत?" ती सगळ्यांना हसून सांगायची, शिखर काय पळून जातंय! माझ्यापाशी मात्र भाजी निवडताना बोलली, "वन्सं, आता एकदाच. त्यानंतर गुडघे ऐकायचे नाहीत. या खेपेला नाही जमलं तर खलास." तिचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मी तिच्या हातातली मेथी काढून घेतली.

दोन वर्षांनी पुन्हा गेली. दुसऱ्या कॅम्पच्या वाटेवर बर्फाची एक धार आहे, दोन्ही बाजूंना नुसती खोली. तिथे घोड्यावर बसल्यासारखी पाय टाकून सरकली म्हणे. या खेपेला लीडरशी भांडून तासभर आधी निघायला लावलं, आणि ऊन पोचायच्या आत ही वर उभी! गंगोत्रीला उतरल्यावर तिचा फोन आला तेव्हा रमेश बौशरच्या एका मॉलच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत होता. हातातला पाना टाकून नाचायला लागला. त्याच्या पठाण फोरमनने विचारलं, "बेटा हुआ क्या?" हा म्हणाला, "नहीं, बीवी पहाड़ चढ़ गई." फोरमनने सगळ्या साइटला चहा पाजला.

घरी आली ती नाकाची सालं निघालेली, काळी ठिक्कर, आणि इतकी देखणी ती लग्नातही दिसली नव्हती. आम्ही पाच-सहा बायका जमलो. तिने बॅगेतून थर्मास काढला. शिखरावरचं बर्फ त्यात ठासून भरलं होतं, त्याचं आता पाणी झालेलं. शेजारच्या आपटेकाकूंनी लगेच हात जोडले. "गंगाजलाच्याही आधीचं पाणी गं हे! देव्हाऱ्यात ठेव, शेवटच्या वेळी तोंडात घालायला होईल." माधवीने सरळ चहाच्या पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला. "मरताना चव काय कळणार, काकू? आत्ता प्या." काकू पुटपुटत होत्या, पण पुन्हा अर्धा कप मागून घेतला.

परवा रमेशकडे गेले होते. एकदम म्हणाला, "ताई, शेवटी घरात गंगाजलाचा थेंब नव्हता गं. तिला तसंच पाठवलं मी. मला झोप येत नाही."

मी म्हटलं, "अरे वेड्या, लोकांना शेवटी चमचाभर मिळतं. तुझ्या बायकोने धडधाकट असताना कपभर प्यायलं, आलं घालून, स्वतः चढून आणलेलं."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला.