किल्ल्यातलं रडणं

ऐंशी साल उजाडायच्या थोडं आधीची ही गोष्ट. आमचा एकुलता एक मुलगा तापानं गेला आणि माझ्या यजमानांनी बोलणंच टाकलं. दफनाच्या वेळीही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कचेरीत जायचे, घरी येऊन पानात पडेल ते जेवायचे, मग भिंतीकडे तोंड करून निजायचे. मी त्यांच्या उशाशी बसून रोझरीची प्रार्थना म्हणायची. त्यांना पुन्हा बोलतं कर, एवढंच मागायची. पण हळूहळू वाटू लागलं, पलीकडे ऐकणारं कोणी नसेलच तर?

थोरल्या बहिणीनं हवापालटासाठी आम्हाला वसईला तिच्याकडे बोलावून घेतलं. एका दुपारी मी यजमानांना किल्ला दाखवायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, फार आत जाऊ नका, भर उन्हात तिथे कुणीतरी रडतं म्हणतात. गावची माणसं गुरं शोधायलासुद्धा त्या वेळी जात नाहीत.

आत शिरलो आणि पाण्याखालून चालल्यासारखं वाटू लागलं. छप्पर उडालेली चर्चेस, कमानींतून दिसणारं फिकट आकाश, भिंती कवळून बसलेली वडाची मुळं. ताडांची सळसळ कुठून तरी फार लांबून आल्यासारखी वाटत होती, आणि तिच्यात खाडीचा खारट वास मिसळलेला. एका थडग्यावरची झिजलेली अक्षरं मी बोटानं चाचपत उभी राहिले. किती वेळ गेला, कळलं नाही. वळून पाहिलं तर यजमान नव्हते.

हाका मारल्या, ओ आली नाही. झाडीत बुजलेल्या विहिरी तिथे आहेत, हे मला ठाऊक होतं. मनानं खचलेल्या माणसाला विहीर कशी दिसते, तेही ठाऊक होतं. मी वेड्यासारखी धावत सुटले. एवढ्यात समोरच्या मोठ्या पडक्या चर्चमधून आवाज आला. खोल, घोगरा, माणसाचा न वाटणारा. बहिणीचं बोलणं आठवलं आणि मी तशीच मागे पळाले. वाटेवरच्या चिंचेखाली मी मटकन बसले. त्या वेळी प्रार्थनाही आठवेना. एवढंच म्हणाले, "देवा, मी थकले. ते तुझेच आहेत. आता तूच बघ."

बंदराकडून एक वयस्कर कोळीण येत होती, डोक्यावर रिकामी टोपली. माझी दशा पाहून थांबली. यजमान हरवलेत, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं मान कलती करून तो आवाज ऐकला.

"भूत नाय ते, बाय," ती म्हणाली. "पोर गेलेल्या बापाचं रडनं हाय. चल."

मुलाविषयी मी तिला एक शब्द बोलले नव्हते. तिनं माझा हात धरला आणि ज्या आवाजापासून मी पळाले होते, त्याच दिशेनं मला नेलं.

जिथे कधीकाळी वेदी होती, तिथे यजमान गुडघ्यांवर होते. कपाळ दगडाला टेकलेलं, आणि तोंडात मुलाचं नाव. मी पुढे झेपावणार, तोच तिनं मला थोपवलं. "गप करू नको. रडू दे."

मी नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्याचा हात किती गार पडला होता गं." इतक्या महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य. मग मीही रडले. मुलगा गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो ते तेव्हाच. मागे पाहिलं तर कोळीण निघून गेली होती. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

बहीण म्हणाली, त्या वाटेनं कोळणींची रोजचीच ये-जा असते. असेल. मी वाद घालत नाही. पोर गेलेल्यांचं रडणं तिनं आधी ऐकलं असेल, कदाचित स्वतःचंच. पण तिला त्या घडीला तिथे कुणी धाडलं, याचं उत्तर माझ्यापुरतं मला मिळालं आहे, आणि त्याबद्दल मी रोज हात जोडते. जे मी इतके महिने मागत होते, ते आलं तेव्हा मी भिऊन पळाले होते. तेव्हापासून मागणं मागते, पण ते कुठल्या रूपात यावं, हे देवाला सांगत नाही.