चिंचोक्यांचा कळप

केवळाबाईला माणसांची किळस यायची, अगदी मनापासून. गावात कुणी गोड बोलायला लागलं की तिचं नाक वर चढायचं आणि तोंडातून "शी!" निघायचं. नवरा गेल्यावर तिनं चुडाव्यातल्या घराला कुलूप ठोकलं आणि रुळापलीकडे आपल्या रानातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोपीत, राहायला गेली ती गेलीच. कुणी विचारलं तर म्हणायची, "गुरानं टाकलेलं सारवायला तरी येतंय. माणसानं टाकलेलं कशाला येतंय?"

तिला चालायची ती फक्त लेकरं. चालायची म्हणजे ती लाड करायची असं समजू नका. कधी कुणाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला नाही की कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. अंगणात खेळू द्यायची आणि खेळात तोंड घालायची नाही, एवढंच. ही अक्कल तिला रझाकारीच्या साली आली. गावातले मिशीवाले बाप्पे गडी जीव मुठीत धरून पळाले, तेव्हा मागं राहिलेली आठ-दहा लेकरं तिनं आखाड्यावर आणली. लेकरं जेवत नव्हती, निजत नव्हती. दिवसभर एकच खेळ, 'गाव पेटलं, पळा'. आठ दिवसांनी बाप्पे परत आले आणि असला अभद्र खेळ बघून त्यांनी हात उगारला. पळताना हे हात कुठं गेले होते कोण जाणे! केवळाबाई खुरपं घेऊन आडवी आली. लेकरांनी आणखी पंधरा दिवस रोज गाव पेटवलं, रोज पळाली, आणि मग एका सकाळी चुलीजवळ येऊन भाकर मागायला लागली.

चौपन्न सालच्या चैत्रात मल्हारी धनगराच्या मेंढ्या तिच्या रानात बसल्या. पेरणीआधी रानाला लेंडीखत मिळावं म्हणून ती दरसाल कुणाचा तरी कळप बसवायची. मल्हारीबरोबर त्याची बायको कासाबाई होती आणि आठ वर्षांची लेक तानु. तानु अकरा महिन्यांपासून बोलत नव्हती.

झालं होतं असं. मागच्या साली चुडाव्याच्या वळणावर मल्हारीच्या एकवीस मेंढ्या आगगाडीखाली गेल्या. कळपाजवळ तानु होती. "पोरीनं आडवल्या न्हाईत," मल्हारी भेटेल त्याला सांगायचा. त्यानं तिला तिथंच, रुळावर, काठीनं झोडपलं आणि त्या दिवसापासून तिची वाचा बसली. मग काय, मेंढ्यांचं भूत लागलं म्हणून आश्रुबा भगत आला. दर अवसेला त्यानं पोरीच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी दिली. भूत हटेना. आता येत्या अवसेला तिच्या पोटाला तापल्या विळ्याचा डाग द्यायचा असं त्यानं ठरवलं. कासाबाई पदर तोंडात कोंबून नुसती ऐकत बसली.

"शी!" केवळाबाई म्हणाली. "एवढ्याशा जिवाला डागायलात? माणसं हायत का कोण हायत तुमी?"

"मावशी, भूत हाय ते," मल्हारी म्हणाला. "तुमाला न्हाई कळायचं."

"बरं, न्हाई कळत. पर अवसेला नऊ दिवस हायत. तवर पोरीला माझ्या अंगणात बसू दे. बसल्यानं काय झिजतंय तुझं?"

मल्हारीनं खांदे उडवले. नऊ दिवस खाणारं एक तोंड कमी होतंय, एवढंच त्याला दिसलं.

पहिल्याच दिवशी तानुनं अंगणात ज्वारीची दोन धाटं लांब टाकली. ते रूळ. केवळाबाईच्या सुपातले चिंचोके उचलले. त्या मेंढ्या. कोपऱ्यातली तुटकी वहाण ओढून आणली. ती गाडी. रुळाच्या अलीकडे तिनं तुरीची एक बारकी काडी रोवली, पलीकडे एक उंच काडी रोवली आणि तिला लाल चिंधी बांधली. मग चिंचोक्यांपुढं दोन्ही हात पसरून ती किती तरी वेळ बसली. एकाएकी हात बाजूला झाले, चिंचोके एकेक करून लाल चिंधीकडे पळाले आणि वहाण त्यांच्यावरून धाडधाड गेली. सगळं पुसून तिनं पुन्हा मांडलं. दिवसातून दहा वेळा. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी केवळाबाईला बघवेना. तिनं वहाण उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आज गाडी आलीच न्हाई म्हण की गं."

तानुनं तिच्याकडे रोखून पाहिलं. पोर उठून भिंतीला तोंड करून बसली आणि दोन दिवस खेळाकडे फिरकली नाही. नऊतले दोन दिवस गेले! केवळाबाईला स्वतःचीच शिसारी आली. 'मी बी त्यातलीच, दुसऱ्याच्या दुखण्यावर आपलं तोंड चालवणारी.' तिनं वहाण होती तिथं नेऊन ठेवली आणि आपण डाळ निवडत पाठमोरी बसली. सहाव्या दिवशी मागं धाटं वाजली. तिनं वळून पाहिलं नाही.

आठव्या दिवशी डाळीतला खडा काढता काढता तिनं सहज विचारलं, "ह्या मेंढ्यांना पलीकडून कोण बोलवायलंय गं?"

तानुनं लाल चिंधीवर बोट ठेवलं.

केवळाबाईनं मान वर केली. रानात मल्हारी उभा होता. डोक्याला लाल पटका. म्हणजे बारकी काडी ही पोर, ती हात पसरून कळप आडवत होती आणि हा पलीकडून हाका मारत होता! गाडी अजून टेसनातच असेल असं समजून घाई केली असेल मेल्यानं. आणि अकरा महिने काठी, धुरी, भूत सगळं लेकराच्या माथी. हा बाप! त्याच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. पण चिंचोक्यांची साक्ष कोण धरतंय? उद्या अवस होती.

अवसेला दुपारी आश्रुबा आला. तीन दगड मांडून त्यानं जाळ केला, विळा आत सरकवला आणि कपाळाला राख फासून डोळे फिरवायला लागला.

"विळा तापूस्तर बस की मल्हारी," केवळाबाई म्हणाली. "लेकीचा खेळ बघ. तोंडातून चकार शब्द काढायचा न्हाई मातर."

मल्हारी कंटाळून टेकला. तानुनं धाटं टाकली, चिंचोके ठेवले, बारकी काडी रोवली. लाल चिंधी रोवली तेव्हा मल्हारीचा हात पटक्याकडे गेला. तानुनं चिंचोक्यांपुढं हात पसरले. मग तिनं लाल चिंधीकडे पाहिलं आणि तिच्या नरड्यातून आवाज निघाला.

"हुर्र्र या! या या! हुर्र्र!"

हुबेहूब मल्हारीची हाक. प्रत्येक धनगराची हाक निराळी असते आणि मेंढी आपल्याच धन्याच्या हाकेला उठते. जाळ्यांच्या कुंपणातला अख्खा कळप खडबडून उठला आणि अंगणाकडे रेटा देऊन बें बें करायला लागला. कासाबाईच्या तोंडातला पदर गळून पडला.

आश्रुबा चटकन म्हणाला, "बघा! बघा! भूत मल्हारीच्या आवाजात बोलायलंय. आण तो विळा!"

"शी रे, तुझ्या जिनगानीवर!" केवळाबाई ओरडली, पण तिची नजर मल्हारीवर होती. आता सगळं त्याच्यावर होतं. भूत म्हटलं की तो सुटला. त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

विळा लाल झाला होता. मल्हारी उठला. त्यानं तो उचलला आणि मेंढ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात खुपसला. चर्र झालं.

"भूत न्हाई," तो म्हणाला. "म्याच बोलावल्या व्हत्या."

तो केवळाबाईच्या पायाशी वाकायला आला. ती दोन पावलं मागं सरली. "मला शिवू नगं. मला अजून किळस येतीया तुझी. तिकडं जा, तिच्याकडं."

तो लेकीसमोर जाऊन बसला. वर बघायची त्याची छाती होईना.

"म्या धरल्या व्हत्या, बा," तानु म्हणाली.

तो रडायला लागला. तिला त्याच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. "म्या धरल्या व्हत्या," ती पुन्हा म्हणाली. आणि "व्हय बाय, तू धरल्या व्हत्यास" असं तो तोंडानं म्हणेपर्यंत ती तेच म्हणत राहिली.